प्रति: खासगी लोरावॅनवर एसीचं नियंत्रण
जुन्या इमारतीत वायरी न ओढता एसीचं सगळं नियंत्रण लोरावॅनवर (कमी विजेवर चालणारं, लांब पल्ल्याचं वायरलेस नेटवर्क) घ्यावं का, असं विचारलंय. तापमान मोजायला जरूर घ्या. आपल्याकडे त्यासाठीचा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ पट्टा विनापरवाना आहे आणि काँक्रीटच्या भिंतींतून तो वायफायपेक्षा बराच चांगला जातो. पण लोरावॅनचं बॅटरीवर चालणारं ‘क्लास ए’ प्रकारचं उपकरण स्वतः काही पाठवल्यावरच क्षणभर ऐकतं. दर १५ मिनिटांनी बोलणाऱ्या, एसीचं थंड पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हला ‘बंद हो’ हा निरोप तितक्याच उशिरा मिळू शकतो! म्हणून व्हॉल्व्ह कमीजास्त करणं एएचयूजवळच्या (थंड हवा खेळवणारं यंत्र) कंट्रोलरकडेच ठेवा, वायरलेसवरून फक्त सेटपॉइंट म्हणजे हवं ते तापमान पाठवा. नेटवर्क गेलं तरी खोली थंड राहील.

आणि ऑफिसच्या नेटवर्कशी हे अजिबात जोडू नका. २०१३ साली अमेरिकेत ‘टार्गेट’ या दुकानसाखळीच्या नेटवर्कमध्ये सायबर चोर शिरले ते एसी-रेफ्रिजरेशनच्या कंत्राटदाराच्या लॉगिनवरूनच.