‘ताब्यात’, ‘अटक’, ‘चौकशी’, ‘जबाब’: नेमका अर्थ काय?

गिरगावकर : मुंबईच्या बातम्यांत एकाच माणसाबद्दल सकाळी ‘चौकशीसाठी ताब्यात’ आणि रात्री ‘अटक’ असं येतं. मधल्या वेळात तो कोण असतो?

मुलुंडकर : अटक झालेला माणूसच. ‘बस इथे, उठायचं नाही’ म्हणून त्याचं जाणं-येणं रोखलं, की अटक झाली. कागद केव्हाही होवोत. मुंबई उच्च न्यायालयाने 1990 साली सीमाशुल्क खात्याच्या एका प्रकरणात हेच सांगितलं आहे. सगळं अडतं ते 24 तासांवर. संविधानाचा अनुच्छेद 22 आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 58 यांनुसार, प्रवासाचा वेळ सोडून, तेवढ्या अवधीत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावंच लागतं. दुपारी दोनला आणलं आणि कागदावर अटकेची वेळ रात्री अकराची पडली, तर नऊ तास हिशेबातून गेले. घरच्यांनी आणल्याची वेळ लगेच लिहून ठेवावी आणि पहिल्याच रिमांडला, म्हणजे कोठडी मागण्यासाठी दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करतात तेव्हा, वकिलामार्फत ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवण्याचा अर्ज द्यावा. उशीर झाला की फुटेज पुसलं गेल्याचं उत्तर येतं.

गिरगावकर : आणि ‘पोलिसांनी बोलावलंय’?

मुलुंडकर : ती वेगळी गोष्ट. त्याच संहितेच्या कलम 35(3) ची, हजर राहायला सांगणारी लेखी नोटीस असेल तर हजर व्हायचं. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर कारणं नोंदवावी लागतात. ही नोटीस व्हॉट्सअॅपवर चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये बजावलं. साक्षीदार म्हणून बोलावणं असेल तर बाई, 15 वर्षांखालचा मुलगा किंवा 60 च्या वरचा पुरुष यांना ठाण्यात यायची सक्ती नाही, पोलिसांनी घरी जाऊन विचारायचं.

परळकर : ‘चौकशी’ हा शब्दही सैल वापरला जातो. संहितेच्या भाषेत चौकशी करतो तो दंडाधिकारी किंवा न्यायालय. पोलीस करतात ते अन्वेषण, म्हणजे आपला तपास. ठाण्यात प्रश्न विचारतात त्याला ‘विचारपूस’ म्हणणं जास्त नेमकं. आणि सिनेमात ऐकतो ते ‘तुम्हाला गप्प राहण्याचा हक्क आहे’ हे वाक्य अमेरिकेतलं, 1966 च्या मिरांडा निकालातून आलेलं. ते म्हणून दाखवायचं बंधन आपल्या पोलिसांवर नाही. हक्क मात्र आहे. अनुच्छेद 20(3) मुळे स्वतःला गुन्ह्यात अडकवणारं उत्तर द्यायची सक्ती करता येत नाही, आणि 1978 च्या नंदिनी सत्पथी निकालाने हे संरक्षण पोलीस ठाण्यातल्या प्रश्नांपर्यंत नेलं.

सांगायचं बंधन आहे ते अटकेच्या कारणांचं. वरळीच्या एका अपघात प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये ठरवलं की कारणं लेखी आणि त्या माणसाला कळेल अशा भाषेत हवीत. लगेच देणं शक्यच नसेल तर आधी तोंडी सांगावीत, पण कागद रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी हातात पडलाच पाहिजे. नुसतं कलम लिहून देणं म्हणजे कारण देणं नव्हे.

गिरगावकर : वकील शेजारी बसू शकतो का?

परळकर : संहितेच्या कलम 38 चे शब्द बघा: विचारपूस चालू असताना भेटता येतं, पण पूर्णवेळ नाही. म्हणून रिमांडच्या वेळी ‘दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर’ वकिलाला बसू द्यावं अशी मागणी करतात. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा क्रमांक आहे.

मुलुंडकर : ‘जबाब’ आणि ‘कबुलीजबाब’ यांत गल्लत करू नये. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, कलम 181 तसं स्पष्ट म्हणतं. सही मागितली तर नाही म्हणावं. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. खरा धोका मेमोरंडम पंचनाम्यात, म्हणजे आरोपीचं सांगणं पंचांसमोर लिहून घेतात त्या कागदात असतो. ‘लपवून ठेवलेला चाकू काढून देतो’ असं त्यात लिहिलं आणि चाकू सापडला, की शोधाशी थेट जोडलेला तेवढा भाग साक्ष अधिनियमाच्या कलम 23 खाली पुराव्यात येतो. तो कागद वाचून, पंच खरोखर हजर आहेत हे बघूनच सही करावी.