"एवढं झालं की मग बघू", हे वाक्य तुम्ही कधी सोडलंत? अनुभव सांगा

सुरुवात मीच करते. ठाण्यात एका सीएंच्या ऑफिसात मी सतरा वर्षं अकाउंट्स बघतेय. आमचा महिना तारखांवर चालतो, ७ ला टीडीएस म्हणजे कापलेला कर भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी, ही दोन्ही जीएसटीची रिटर्न्स. जीएसटी २०१७ मध्ये आला, त्याआधी व्हॅट आणि सर्व्हिस टॅक्सच्या तारखा होत्या, म्हणजे तारखा बदलल्या पण घरात माझं वाक्य तेच, "एवढी वीस तारीख जाऊ दे, मग बघू." आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन या एका वाक्यावर आठ महिने लांबलं.

एका रविवारी ती मेथी निवडत बसली होती. पानं बोटांनी चाचपत होती आणि काड्या, पिवळी पानं सगळं एकाच परातीत पडत होतं. मी म्हटलं अगं दिसत नाहीये का तुला, तर ती अगदी शांतपणे म्हणाली, "तुझी वीस तारीख झाली की जाऊ." तिला त्यात टोमणा मारायचा नव्हता हो, तिने ते खरंच मान्य केलं होतं, आणि तेच मला सहन झालं नाही.

पुढच्या महिन्यात ऑपरेशनसाठी मुद्दाम १८ ची तारीख घेतली. ३बी सहकारी मुलीने भरले, एका पार्टीच्या क्रेडिटचा मेळ लागेना म्हणून तिचा एक फोन आला, बास. तारीख खरीच असते, उशीर झाला की लेट फी लागते, ते मी नाकारत नाही. पण २१ ला माझं आयुष्य मोकळं होणार ही जी समजूत होती ना, ती खोटी होती, कारण २१ नंतर परत ७ येतेच.

तुमचं काय? कुठल्या गोष्टीने डोळे उघडले आणि मग रोजच्या जगण्यात नक्की काय बदललंत तेही लिहा.

*

हिंजवडीत टेस्टिंगमध्ये आहे, अमेरिकेची टीम, त्यामुळे रात्री साडेअकरापर्यंत कॉल. कंपनीच्या वार्षिक तपासणीत बीपी १६०/१०० निघालं, वय ३६. डॉक्टरांनी गोळी दिली आणि विचारलं आठवड्याचे तास किती, मी पहिल्यांदाच मोजले तर साठच्या वर. नंतर वाचलं की जागतिक आरोग्य संघटना आणि आयएलओ (आंतरराष्ट्रीय श्रम संघटना) यांचा २०२१ चा अभ्यास आहे, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त.

मॅनेजरशी बोलून आठवड्यातले दोनच दिवस रात्रीचे कॉल ठेवले, आणि सकाळी चालायला सुरुवात केली. आधी दोनदा सोडलं होतं, कारण २१ दिवसांत सवय लागते असं डोक्यात बसलेलं, मध्ये एक दिवस चुकला की संपलं सगळं असं वाटायचं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ लोकांवर अभ्यास केला होता त्यात सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाला १८ तर कुणाला २५४, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही. हे कळल्यावर मी चुकलेला दिवस धरून बसणं सोडलं. आता सात महिने झाले.

*

मला थोडं वेगळं सांगायचंय. सुट्टी घ्या हे पगारवाल्यांना जमतं. माझी सदाशिव पेठेत मेस आहे, सगळी एमपीएससीची पोरं, ४२ डबे, मी झोपले तर डबा बंद आणि त्या दिवसाचे पैसेही बंद. तेव्हा ताण घेऊ नका असं कुणी म्हटलं की मला राग यायचा, अजूनही येतो.

पण माझ्यातही एक खोड होती, पोळी माझ्याच हातची हवी. रोज दीडशेच्या वर पोळ्या, उजवं मनगट सुजायला लागलं, लाटणं धरवेना. शेवटी शेजारच्या वहिनींना पोळीमागे दर ठरवून दिला. पहिले चार दिवस मी त्यांच्या प्रत्येक पोळीवर नजर ठेवून होते, कडा जाड, पदर सुटत नाहीत, असं चाललेलं. पोरं काही बोलली नाहीत, डबे रिकामे परत आले. मनगटाला आराम पडला आणि वहिनींच्या हातात चार पैसे आले. माझी कमाई थोडी कमी झाली, हे पण लिहिते, कारण लोक तेवढंच सांगत नाहीत.

*

मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ. इथे काम संपलं की "फायरआबेंड" म्हणतात, आणि म्हटलं की विषय संपला. कायद्याने दोन कामाच्या दिवसांमध्ये सलग ११ तास विश्रांती द्यावी लागते. रजेत ताप आला तरी मी मेल बघत होतो, तर टीममधल्या बाईंनी समजावलं की डॉक्टरांचा दाखला दिला तर आजारपणाचे दिवस रजेतून वजा होत नाहीत, परत मिळतात. मला ते ऐकून कसंतरीच झालं. आजारी पडणं हा आपला कामचुकारपणा असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो.

*

निफाड, द्राक्ष. ऑक्टोबर छाटणी झाली की ढग आले तरी छातीत धडधड. फुलोऱ्यात पाऊस झाला की गळकूज, डावणी रोग, फवारणीवर फवारणी, सोसायटीचं कर्ज. दोन वर्षांपूर्वी तीन आठवडे झोपच नव्हती. आमच्याकडे हे बोलायची पद्धत नाही, गडी माणसाने तर नाहीच. बायकोने १४४१६ लावून फोन हातात दिला, सरकारची टेली-मानस, मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात. पाऊस काही थांबला नाही, बागेचं नुकसान झालंच. पण मी बोललो, आणि नंतर भावाशी पण बोललो. कुणाला गरज असली तर नंबर जपून ठेवा.

*

निफाडच्या दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत, नंबर ऑफिसात सगळ्यांना पाठवलाय. मेसवाल्या ताई, तुमचं म्हणणं पटलं, माझा पगार चालू राहतो म्हणून मला १८ तारीख घेता आली, हे मी आधीच लिहायला हवं होतं.

आजपण १८ आहे, ३बी उद्या टाकायचे आहेत. मी साडेसहाला निघतेय, आईच्या दुसऱ्या डोळ्यात सातला ड्रॉप्स घालायचे असतात.