चौकशीला म्हणून नेलं, रात्रभर ठाण्यात ठेवलं, नोंद कुठेच नाही. तक्रार नक्की कुठे करायची?

माळरान:
नमस्कार मंडळी, विषय नाजूक आहे म्हणून गाव-तालुका सांगत नाही, समजून घ्या. आमच्याकडे विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी चोरीला जायचं प्रमाण वाढलंय. त्यावरून माझ्या मावसभावाला साध्या कपड्यातले दोघं संध्याकाळी घरून घेऊन गेले, मावशीला म्हणाले तासाभरात सोडतो, जेवण झाकून ठेवा. रात्रभर आला नाही, फोन बंद. काका ठाण्यात गेले तर ठाणे अंमलदार म्हणतो असा कोणी माणूस इथे आणलेलाच नाही, आणि काका सांगतात की मागच्या खोलीतून त्याचाच आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर सोडला. अटक नाही, नोटीस नाही, कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या, मोबाईल ठेवून घेतला त्याची पावती नाही. तळपाय एवढे सुजलेत की चप्पल घालता येत नाही. दवाखान्यात नेलं तर तिथे म्हणे आधी पोलिसांचं पत्र आणा.

आता गावात एक जण म्हणतो एसपींना भेट, दुसरा म्हणतो मानवाधिकार आयोग, पेपरात कुठेतरी पोलीस तक्रार प्राधिकरण असंही वाचलं. आणि बाकी सगळे म्हणतात गप बस, परत उचलतील. पोलिसांवर नजर ठेवायला खरंच कोणी आहे का, की सगळं कागदावरच?

काळा_कोट:
बाकीची चर्चा नंतर, आधी त्याला सिव्हिलला घेऊन जा, आजच. एमएलसी म्हणजे मारहाणीसारख्या प्रकरणातली डॉक्टरची कायदेशीर नोंद, ती करायला पोलिसांचं पत्र लागत नाही, उलट एमएलसी झाली की डॉक्टरच पोलिसांना कळवतात. मार कशाने लागला ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं आणि ते केसपेपरवर उतरलंय का ते तिथेच वाचून बघायचं. 'पडल्यामुळे' असं लिहून दिलं की पुढचं सगळं लंगडं. सुजेचे फोटो काढा, घरातल्या कोणाच्या तरी फोनवर तारखेसकट राहू देत.

मग एसपी ऑफिसला लेखी अर्ज. अर्जात तारीख, वेळ, कोण घेऊन गेलं (नाव माहीत नसेल तर वर्णन), काका किती वाजता ठाण्यात गेले होते, काय उत्तर मिळालं, हे सगळं. आवक शिक्का मारलेली प्रत हातात पडल्याशिवाय हलू नका. नव्या कायद्यात म्हणजे बीएनएसएसमध्ये (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली) कलम १७३(४) आहे, ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर एसपीला टपालाने कळवायचं आणि तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. सुप्रीम कोर्टाचा ललिता कुमारी निकाल २०१३ चा आहे, दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की एफआयआर घेणं बंधनकारक. पण पोलिसांविरुद्धच तक्रार असली की १७५(४) आडवं येतं: सरकारी नोकराने काम करताना केलेल्या गोष्टीबद्दल तक्रार असेल तर मॅजिस्ट्रेट आधी वरिष्ठांचा अहवाल मागवणार आणि त्या नोकराचं म्हणणंही ऐकणार. जुन्या सीआरपीसीच्या १५६(३) मध्ये ही पायरी लिहिलेली नव्हती. म्हणजे ज्याच्याबद्दल तक्रार त्याच्याच साहेबाचं मत आधी. वकिलाला हे आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १६१ दोन्ही विचारा, कारण १६१ मध्ये पोलिसांवर खटला भरायला सहा महिन्यांची मुदत आहे आणि बरेच लोक एसपी ऑफिसच्या उत्तराची वाट बघत ती घालवतात.

आणि सीसीटीव्ही! फुटेज जपून ठेवा असा वेगळा अर्ज, वेगळ्या कागदावर, एसपींना. सुप्रीम कोर्टाचा परमवीर सिंग सैनी निकाल, डिसेंबर २०२०, प्रत्येक ठाण्यात आत यायच्या-जायच्या दारापासून लॉकअप, व्हरांड्यापर्यंत कॅमेरे, आवाजासकट, आणि रेकॉर्डिंग १८ महिने, ते जमत नसेल तर किमान वर्षभर.

निवृत्त_फौजदार:
आयुष्य खात्यात गेलं म्हणून दोन शब्द लिहितो, राग येईल काहींना. मारहाण चूकच, त्याचं समर्थन नाही. पण हे होतं कसं ते समजलं तर कुठे बोट ठेवायचं तेही कळेल.

महिन्याची क्राईम मीटिंग असते. तिथे साहेब विचारतात मोटारी किती गेल्या, डिटेक्ट किती. ज्याचं डिटेक्शन कमी त्याला सगळ्यांसमोर उभं करतात. पीआय म्हणजे ठाण्याचा निरीक्षक परत येऊन डीबीच्या, म्हणजे गुन्हे शोध पथकाच्या पोरांना झापतो, पोरं वस्तीवर जाऊन जो गरीब, ज्याच्या मागे कोणी नाही, ज्याचं नाव आधी कधीतरी एखाद्या एनसीत (अदखलपात्र नोंदीत) आलेलं आहे त्याला उचलतात. अटक दाखवली की २४ तासांत कोर्टापुढे उभं करावं लागतं, नातेवाईकाला कळवावं लागतं, मेडिकल करावं लागतं, म्हणून अटक दाखवायचीच नाही. 'चौकशीकामी बोलावलं' एवढंच. स्टेशन डायरीत नोंदच नाही म्हणजे तो माणूस कागदावर ठाण्यात आलाच नव्हता. सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा असेल तर सहसा आधी बीएनएसएसच्या ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यायची असते, मोटारचोरी त्यातच बसते, पण नोटीस दिली की पुन्हा कागद झाला ना.

तेव्हा माहिती अधिकारात त्या दिवसाची स्टेशन डायरी मागा. देणार नाहीत, तपासाचं कारण सांगतील, चालेल. नकाराचं पत्र पण कामाला येतं. कॅमेऱ्याचं म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी त्याचा स्क्रीन पीआयच्या केबिनमध्येच, आणि नेमका नको तेव्हा 'मेंटेनन्सला' असतो. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली ना, राजस्थानातल्या कोठडी मृत्यूंच्या बातमीवरून, ते उगाच नाही.

काळा कोट साहेब म्हणतात ते बरोबर, फक्त एसपींच्या आधी एसडीपीओला (उपविभागीय पोलीस अधिकारी) एकदा भेटून बघा. नवीन पोरगा किंवा पोरगी असेल तर ऐकतात.

काळा_कोट:
भेटा, पण अर्ज देऊनच भेटा. नुसता चहा पिऊन परत आलात तर 'समज दिली आहे' यावर प्रकरण मिटतं.

सदू_वऱ्हाडी:
कोणी आहे का नजर ठेवायला, या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही म्हणून मी देतो. आहे. कागदावर फार सुंदर आहे.

प्रकाश सिंग म्हणून यूपीचे आणि आसामचे माजी पोलीस महासंचालक, ते पोलीस सुधारणांसाठी १९९६ ला सुप्रीम कोर्टात गेले, निकाल लागला २२ सप्टेंबर २००६ ला, दहा वर्षांनी. सात आदेश. त्यातला एक, राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण, जिल्ह्याचा प्रमुख निवृत्त जिल्हा न्यायाधीश, आणि प्राधिकरणाची शिफारस सरकारवर बंधनकारक. आपल्या पुरोगामी महाराष्ट्राने त्यासाठी कायदा दुरुस्त केला २०१४ ला. जिल्ह्याचं केलं विभाग, म्हणजे ३६ जिल्ह्यांच्या जागी ६ महसुली विभाग, गडचिरोलीच्या टोकाच्या माणसाने नागपूरला यायचं. आणि अहवाल अपवादात्मक परिस्थितीत कारण नोंदवून नाकारायची मुभा सरकारने स्वतःकडे ठेवली. ज्या गृहखात्याच्या माणसाविरुद्ध तक्रार, त्याच सरकारने प्राधिकरण नेमायचं आणि त्याच सरकारने अहवाल स्वीकारायचा. वरातीमागून घोडं, तेही त्यांच्याच तबेल्यातलं.

तरी पाठवा तक्रार, मी नको म्हणत नाही. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, कायदेशीर पद्धत न पाळता अटक किंवा डांबून ठेवणं, खंडणी, जमीन बळकावणं, एवढं सगळं त्यांच्या कक्षेत येतं. तुमच्या भावाचं डांबून ठेवण्यात सरळ बसतं. प्रतिज्ञापत्र जोडून पाठवा.

मानवाधिकार आयोगाचं ऑफिस मुंबईला. घटनेपासून एक वर्षाच्या आत जावं लागतं, भरपाईची शिफारस करतात, शिफारसच. पण एक चांगलंय, त्या २०२० च्या कॅमेऱ्यांच्या निकालात लिहिलंय की ठाण्यात बळाचा वापर होऊन गंभीर दुखापत झाली तर आयोग फुटेज लगेच मागवून घेऊ शकतो. ते आयोगाच्या अर्जात ठळक लिहा.

आपल्याकडे हे आजचं नाही. १९७२ ला देसाईगंज ठाण्याच्या आवारात मथुरा प्रकरण झालं, म्हणजे मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचं, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात. १९७८ ला सुप्रीम कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडलं, चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठे १९८३ ला बलात्काराचा कायदा बदलला. परभणीचं बघा, सोमनाथ सूर्यवंशी डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत गेला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा हे सांगायला औरंगाबाद खंडपीठ लागलं, जुलै २०२५ मध्ये, आणि त्यालाही सरकार सुप्रीम कोर्टात आव्हान द्यायला गेलं (तिथेही काही मिळालं नाही ते सोडा). मधल्या काळात प्राधिकरणाचं नाव कोणाच्या तोंडी आलं का? आईने लढा दिला म्हणून झालं.

केंटकर:
मी इंग्लंडमध्ये राहते, वाचत होते गप्प, पण सदूभाऊंचं 'त्याच सरकारने नेमायचं' वाचून राहवलं नाही.

इथे काही गोष्टी खरंच हेवा वाटाव्या अशा आहेत. १९८४ चा कायदा आहे, ठाण्यात आणलेल्या माणसाची जबाबदारी कस्टडी ऑफिसरची, तो किमान सार्जंट आणि त्या तपासाशी त्याचा संबंध नसावा लागतो. पहिला आढावा सहा तासांच्या आत. आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे कस्टडी व्हिजिटर, साधी माणसं, रिटायर्ड शिक्षिका, दुकानदार, दोघादोघांनी न सांगता कुठल्याही वेळी ठाण्यात जातात, कोठडीतल्या माणसाला विचारतात जेवलास का, औषध मिळालं का, वकिलाला फोन करू दिला का, आणि लिहून देतात. १९८१ च्या ब्रिक्स्टनच्या दंगलीनंतर स्कारमन अहवाल आला त्यातून हे निघालं.

पण त्याच सरकारचा दुसरा दरवाजा बघा, आश्रय मागायला आलेल्यांचा. माझ्याच काउंटीत, केंटमध्ये, मॅन्स्टन म्हणून जागा आहे, बोटीने आलेल्यांना जेमतेम २४ तास ठेवायची, सोय १६०० जणांची, २०२२ च्या ऑक्टोबरात तिथे जवळजवळ ४००० माणसं कोंबली होती. सीमा आणि इमिग्रेशनचा स्वतंत्र निरीक्षक डेव्हिड नील तिथे गेला, तंबूत ३२ दिवस राहिलेलं अफगाण कुटुंब भेटलं त्याला, बघून बोलतीच बंद झाली असं त्याने खासदारांच्या समितीला सांगितलं. आता हा स्वतंत्र निरीक्षक नेमतो कोण, गृहमंत्री. त्याचे अहवाल छापतो कोण, गृहखातंच. आठ आठवड्यांत छापू म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने विमानतळावरच्या तपासणीची माहिती पेपरला दिली म्हणून त्याला काढला, आणि थोड्याच दिवसांत अडवलेले १३ अहवाल एका दिवसात बाहेर टाकले, कोण वाचणार सांगा.

म्हणजे ठाण्यातल्या माणसाला मतदानाचा हक्क आहे, त्याच्यासाठी कस्टडी व्हिजिटर. बोटीतल्याला तो नाही.

निवृत्त_फौजदार:
ते अचानक येणारे व्हिजिटर आपल्याकडे आणले तर गेटवरच 'साहेब बंदोबस्ताला गेलेत, नंतर या' म्हणून परत पाठवतील. पण आणावेत, माझी ना नाही. सगळ्यात जास्त फायदा रात्रपाळीच्या ठाणे अंमलदारालाच होईल, त्याला वरच्यांना सांगायला कारण मिळेल की आज नको, कोणी येईल बघायला.

माळरान:
सगळ्यांचे आभार. सिव्हिलला नेला, एमएलसी झाली, डॉक्टर मॅडमनी 'पोलिसांनी मारल्याचे सांगतो' असं स्पष्ट लिहिलं. एसपी ऑफिसला उद्या जातोय. दोन शंका आहेत. त्या कोऱ्या सह्यांचं काय करायचं, आणि मोबाईल मागायला ठाण्यात जायचं का? मावशी म्हणते फोन गेला तर जाऊदे, पोरगं नको जायला.

काळा_कोट:
पोरगं जायचंच नाही. कोऱ्या सह्या आणि मोबाईल दोन्ही एसपींच्या अर्जातच घाला, मोबाईलचं मॉडेल, सिमचा नंबर आणि बिल असेल तर आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहून. उद्या त्या कागदावर कबुलीजबाब उगवला किंवा फोन 'मुद्देमालात सापडला' तरी तुमची तारीख आधीची राहील. काकांचं प्रतिज्ञापत्र वेगळं करा, तो आवाज त्यांनी ऐकलाय, तुम्ही नाही. परत उचलायला आले तर नोटीस मागायची, दारातून व्हिडिओ काढायचा आणि ११२ ला फोन करायचा, पोलीसच येतील पण कॉलची नोंद दुसरीकडे होते.

एसपी ऑफिसला आवक नंबर द्यायला टाळाटाळ केली तर वाद घालत बसू नका, बाहेर येऊन पोस्टाने पोचपावतीसकट पाठवा. आणि पुढाऱ्याला सोबत नेऊ नका, तो आत एकटाच जाऊन मिटवून येतो.