मदत हवी आहे: पांढऱ्या मोहरीच्या सासवाला झणका येत नाही

नमस्कार.

वेंगुर्ल्याच्या आमच्या घरी रायवळ आंबे पिकू लागले की सासव होतेच. सोललेले आंबे बाठ्यांसकट घेऊन त्यांत गूळ, मीठ आणि ओले खोबरे, सुक्या मिरच्या व मोहरी यांचे बारीक वाटण मिसळायचे, ही आमची पद्धत. यंदा परदेशातून आलेल्या नणंदेने अख्ख्या पांढऱ्या मोहरीची मोठी पिशवी दिली आहे. तिचा दाणा आपल्या काळ्या मोहरीपेक्षा मोठा आणि फिकट पिवळसर आहे. तीच मोहरी वाटून केलेले सासव जिभेला तिखट लागते, परंतु ज्यासाठी हा पदार्थ आवडीने खाल्ला जातो, तो नाकात जाणारा झणका मुळीच येत नाही. शिवाय वाटण थोडे बुळबुळीत होते. मोहरी शिळी असेल असे वाटत नाही, कारण दाणा चावला की तिखटपणा लगेच कळतो.

वाटण्याच्या पद्धतीत काही बदल करावा, की ही मोहरी सासवासाठी योग्यच नाही? फोडणीत आणि लोणच्यात ती अख्खी कशी वापरावी? पावसाळ्यात सादळण्यापूर्वी ती चांगल्या कामी यावी, अशी मनापासून इच्छा आहे.

प्रतिसाद

ताई, तुमची मोहरी चांगली आहे आणि वाटणही बरोबर आहे. फरक जातीचा आहे. काळ्या मोहरीत सिनिग्रिन नावाचे द्रव्य असते. दाणा फुटून त्याला पाणी लागले की दाण्यातलेच मायरोसिनेज हे विकर त्यावर काम करते आणि हवेत सहज उडणारे तिखट तेल तयार होते, तेच नाकात चढते. पांढऱ्या मोहरीत सिनिग्रिनऐवजी सिनाल्बिन असते आणि त्यापासून होणारे तिखट द्रव्य फारसे उडत नाही, म्हणून ते जिभेपुरतेच राहते. बुळबुळीतपणा सालीतल्या चिकट द्रव्यामुळे येतो, त्यात काळजीचे काही नाही.

सासवासाठी निम्मी काळी आणि निम्मी पांढरी मोहरी घ्यावी, असे मी सुचवेन. मोहरी न भाजता थंड पाण्यात आधी वेगळी वाटावी, दहा मिनिटे झाकून ठेवावी आणि मगच खोबऱ्यात मिसळावी. उष्णतेने विकर निकामी होते आणि आंबटामुळे त्याचे काम मंदावते. म्हणून गरम पाणी टाळावे आणि आंब्याचा रस शेवटी घालावा. काळी मोहरी अजिबात न घालता जुना झणका मिळेल, अशी आशा मात्र ठेवू नये.

फोडणीत दाणा गरम तेलात तडतडतो, तिखटपणा मागे पडतो आणि खमंगपणा उरतो, त्यामुळे तिथे काळीऐवजी पांढरी निःशंक वापरावी. फक्त फिकट दाणा करपू लागला की लगेच डाळ किंवा भाजी घालावी. कैरीच्या तेलातल्या लोणच्याला आपली नेहमीची मोहरीची डाळच हवी. पांढरी मोहरी अख्खी खुलते ती व्हिनेगरमधल्या लोणच्यात: काकडीच्या फोडी किंवा लहान कांदे, मीठ, थोडी साखर आणि चमचाभर दाणे. मुरल्यावर दाणे फुगून मऊ होतात, दाताखाली फुटतात आणि त्यांचा सौम्य तिखटपणा इथे छान जुळतो. उरलेली मोहरी आताच कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरावी.