दोन सामन्यांत बाहेर पडल्यावर ओरिओल्सनी हिवाळ्यात काय करायला हवं होतं?

उद्यमबागचा मामा

मंडळी, नमस्कार. भाचा बाल्टिमोरला नोकरीला लागल्यापासून मी बाल्टिमोर ओरिओल्स हा तिथला बेसबॉल संघ बघतो. त्यांची रात्रीची मॅच सात वाजता सुरू झाली की आपल्याकडं पहाटेचे साडेचार वाजतात. फर्स्ट शिफ्टला निघायच्या आधी पाच-सहा इनिंग आरामात होतात. भाच्याचा आणि माझा एक वाद मिटेना, म्हणून इथं मांडतोय. आपल्या बेळगाव भागात बेसबॉल बघणारी माणसं थोडी, खरं जी आहेत ती बारकाईनं बघतात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधीची हकीकत. 2023 ला ओरिओल्स 101 सामने जिंकले आणि प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) टेक्साससमोर 3-0 नं बाहेर. 2024 ला 91 जिंकले आणि प्लेऑफच्या पहिल्या, वाइल्ड कार्ड फेरीत कॅन्सस सिटीनं त्यांच्या घरच्या मैदानावर येऊन 2-0 नं घालवलं. पहिला सामना 1-0, दुसरा 2-1. अठरा इनिंगमध्ये ओरिओल्सचा एकच रन! पहिल्या सामन्यात पिचर (बॉल टाकणारा) कॉर्बिन बर्न्सनं आठ इनिंग टाकल्या, एक रन दिला आणि तरी हरला. दुसऱ्यात पाचव्या इनिंगला सेड्रिक मलिन्सनं होम रन मारून बरोबरी केली, मग बेस भरले. कोल्टन काउझरनं बॅट फिरवली आणि बॉल त्याच्याच हातावर आदळला. बॅट फिरलेली म्हणून स्ट्राइक धरला, गडी आउट, वर हाताचं हाड मोडलं. तो सामना संपला तेव्हा आमच्याकडं घटस्थापनेची पहाट. गल्लीतली पोरं फेटे बांधून दुर्गामाता दौडीला निघालेली आणि मी पायरीवर मोबाइल धरून बसलेलो. बायको म्हणाली, आज तरी चेहरा बरा ठेवा.

त्यानंतरच्या हिवाळ्यात काय झालं? बर्न्स ॲरिझोनाला गेला, सहा वर्षांचे 21 कोटी डॉलर. 44 होम रन मारलेला अँथनी सँटँडर टोरोंटोला गेला, पाच वर्षांचे 9.25 कोटी. बदल्यात ओरिओल्सनी चार्ली मॉर्टन (41 वर्षांचा, दीड कोटी) आणि जपानचा तोमोयुकी सुगानो (35 वर्षांचा, 1.3 कोटी) हे पिचर एकेका वर्षासाठी घेतले. बॅटिंगला टायलर ओनील, तीन वर्षांचे 4.95 कोटी. मॅनेजर ब्रँडन हाइडला ठेवलं. 2025 मध्ये संघ 75-87 (75 जिंकले, 87 हरले), विभागात शेवटचा. हाइडला 17 मेला काढलं, तेव्हा 15-28 होते.

भाचा म्हणतो, बर्न्सला पैसे द्यायलाच हवे होते, सगळं तिथंच बिघडलं. मला ते पटत नाही. बर्न्सला जून 2025 मध्ये कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया करावी लागली, ॲरिझोनासाठी तो 11 सामने खेळला. सँटँडर दुखापतीत अडकला, 54 सामन्यांत सहा होम रन. म्हणजे हे दोघे ठेवले असते तरी त्या वर्षी संघ बुडालाच असता. मग चुकलं कुठं? तुमचं मत सांगा.

खानापूरची पीटी बाई

मामा, प्रश्न आवडला. मी शाळेत मुलींना सॉफ्टबॉल शिकवते, म्हणून जरा लांब लिहिते.

तुम्ही 91 विजय एका दमात सांगितलेत, त्याचे दोन तुकडे करा. जुलैतल्या ऑल-स्टारच्या सुट्टीपर्यंत ओरिओल्स 58-38 होते, विभागात पहिले. सुट्टीनंतर 33-33. पुढच्या 66 सामन्यांत ते अगदी साधारण संघ होते. कॅन्सस सिटीनं हरवलं तो संघ हाच, जूनमधला नव्हे.

कारणंही दिसत होती. काइल ब्रॅडिश, जॉन मीन्स, टायलर वेल्स या तिघा पिचरांचे कोपर त्याच हंगामात गेले. पिचर ग्रेसन रॉड्रिगेझ ऑगस्टपासून बाहेर. शेवटच्या इनिंगचा पिचर फेलिक्स बाउतिस्ता आधीच्या शस्त्रक्रियेमुळं अख्खं वर्ष नव्हता. त्याच्या जागी आणलेल्या क्रेग किंब्रेलला सप्टेंबरात सोडून द्यावं लागलं. जॉर्डन वेस्टबर्गचा हात मोडला. ॲडली रटशमनची बॅट जुलैनंतर चाललीच नाही, आणि तो कॅचर, म्हणजे रोज वाकून बसणारा माणूस. दमलेल्या कॅचरची बॅट आधी मंदावते, हे मी माझ्या मुलींमध्येही बघितलंय.

आमच्याकडं तालुक्याच्या स्पर्धेत पहिल्याच सामन्यात बाहेर पडलो की वरची माणसं म्हणतात, पोरी बदला. एका सामन्यावरून पोर बदलायची नसते ओ. त्याच्या आधीचा महिना बघायचा, सरावाला कोण लंगडत होती, कुणाच्या खांद्याला त्रास होता. पावसात मैदान चिखलाचं असतं, आठवडेच्या आठवडे नीट फेक होत नाही, खांदे तिथंच दुखावतात. ते बघितलं की स्पर्धेतला पराभव आपोआप समजतो.

म्हणून माझं मत असं, की त्या हिवाळ्यात पहिलं काम पिचरांची संख्या आणि तब्येत हे होतं. एक मोठं नाव ठेवायचं की नाही हा नंतरचा प्रश्न. ब्रॅडिश 2025 च्या शेवटाशिवाय येणार नाही हे डॉक्टरांना माहीत होतं. रॉड्रिगेझच्या पाठीच्या स्नायूचा भरवसा नव्हता. अशा वेळी 41 आणि 35 वर्षांचे दोन पिचर हे सुटीवर गेलेल्या शिक्षकांच्या जागी आणतात तसे भरतीचे होते. मुख्य जागा रिकामीच राहिली.

निपाणीकर

बाईंनी बरोबर नस पकडली. मी फक्त पैशाचं बोलतो.

मॉर्टन आणि सुगानो मिळून एका वर्षाचे 2.8 कोटी डॉलर. बर्न्सचं वर्षाला सरासरी 3.5 कोटी पडलं. फरक 70 लाख! हा फरक मोठ्या संघाला काहीच नाही. आणि मार्च 2024 मध्ये संघ नव्या मालकानं, डेव्हिड रुबेनस्टाइननं, घेतला होता, 172.5 कोटींना. जुन्या मालकाच्या काळात हात आखडता असायचा हे कारण तेव्हा संपलेलं. माझा राग सहा वर्षांचा करार केला नाही यावर नाही. लांबचा करार टाळायचा, ठीक. मग वर्ष-दोन वर्षांच्या करारावर तरी भक्कम माणूस आणायचा होता.

दुसरं, बर्न्स आणि सँटँडरला क्वालिफाइंग ऑफर (एका वर्षाचा ठरलेल्या रकमेचा करार) दिली होती, 2.105 कोटींची. दोघांनी नाकारली आणि दुसरीकडं गेले, त्यामुळं ओरिओल्सना 2025 च्या ड्राफ्टमध्ये (नवी पोरं निवडतात त्यात) 30 वा आणि 31 वा क्रमांक मिळाला. हे धोरण म्हणून उत्तम. पण ड्राफ्टमधला पोरगा मोठ्या संघात यायला वर्षं लागतात. गनर हेंडरसन, रटशमन, वेस्टबर्ग ही मंडळी आत्ता ऐन भरात आहेत. यांची वर्षं अशी घालवायची नसतात. आमच्या तंबाखूच्या गावात हंगाम हुकला की काय होतं ते आजोबांकडून ऐकलंय, त्यामुळं हे फार लागतं मनाला.

टिळकवाडी 06

मी दोघांच्याही पुढं जातो. पिचर फ्री एजंटमध्येच (करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंतच) शोधायचा असतो असं कुठं आहे? डिसेंबर 2024 मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सनी पिचर गॅरेट क्रोशेला बॉस्टनला दिलं, चार तरुण खेळाडूंच्या बदल्यात. 2025 मध्ये क्रोशे 18-5, ईआरए (नऊ इनिंगमागं दिलेले रन, जितके कमी तितकं चांगलं) 2.59. बॉस्टन ओरिओल्सच्याच विभागात आहे, म्हणजे दुहेरी नुकसान. ओरिओल्सकडं तेव्हा कोबी मेयो होता, सॅम्युएल बसायो होता, हेस्टन जर्स्टॅड होता. इतकी पोरं जमवून ठेवायची कशाला, जर एकही द्यायची नसेल?

ओरिओल्सची संघबांधणी बघणाऱ्या माइक इलायसला पोरं सोडवत नाहीत. फेब्रुवारी 2024 मध्ये बर्न्स आणताना त्यानं जोई ऑर्टिझ आणि डीएल हॉल दिले, वर ड्राफ्टमधला एक पिक, तेव्हा वाटलं माणूस बदलला. खरं ते एकदाच.

उद्यमबागचा मामा

टिळकवाडीकर, क्रोशेबद्दल बोललात ते जिव्हारी लागलं. खरं एक गोष्ट विसरू नका. जुलै 2024 मध्ये इलायसनं पोरं दिली होती. मायामीकडून ट्रेव्हर रॉजर्स आणला, काइल स्टाउअर्स आणि कॉनर नॉर्बी देऊन. रॉजर्स आल्या आल्या इतका मार खाल्ला की ऑगस्टात खालच्या संघात पाठवला. स्टाउअर्स 2025 मध्ये मायामीकडून ऑल-स्टार झाला. त्या वेळी सगळ्यांनी इलायसला शिव्या घातल्या. मग तोच रॉजर्स 2025 मध्ये 18 सामने टाकून ईआरए 1.81! संघ तळाला आणि त्यातला पिचर अमेरिकन लीगमधल्या सगळ्यात भारी पिचरांपैकी. आता हा सौदा चांगला की वाईट? मला अजून ठरवता येत नाही, आणि घाईनं ठरवणाऱ्याचं मी ऐकणार नाही.

बाईंच्या 33-33 वर येतो. मला जे नीट मांडता येत नव्हतं ते हेच. मी मशिन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतात. शेवटचे दोन पीस रिजेक्ट झाले म्हणून मी त्या दोघांकडं बघत बसत नाही, अख्खा लॉट काढतो. ब्लो होल (कास्टिंगमधली पोकळ छिद्रं) कधीपासून यायला लागले, वाळूत ओल होती का, ओतणारा बदलला का. ओरिओल्सनी बाहेर पडल्यावर बॅटिंग कोच बदलले. म्हणजे त्यांनी एक रन बघितला. जुलैपासूनची यादी बघितली असती तर आधी पिचर मोजले असते. आणि मैदानाची डावीकडची भिंत! 2022 च्या आधी मागं नेली होती, 2024 च्या हिवाळ्यात परत पुढं आणायचं जाहीर केलं. भिंत पुढं आणल्यावर तुमच्या फलंदाजाला मदत, तशी समोरच्यालाही. ज्या वर्षी पिचर कमी आहेत त्याच वर्षी हे. मला त्या निर्णयाचा फार त्रास झाला.

20 एप्रिल 2025 चा सामना आठवतो का कुणाला? सिनसिनाटी 24, ओरिओल्स 2. घरच्या मैदानावर, ईस्टरच्या रविवारी. सुरुवात मॉर्टननं केली होती. शेवटी पिचर नसलेल्या गड्यांना बॉल टाकायला लावला. त्या दिवशी मला मॉर्टनचा राग आला नाही. 41 व्या वर्षी तो माणूस प्रामाणिकपणे टाकत होता. त्याच्या मागं दुसरं कुणी नाही अशी वेळ ज्यांनी आणली त्यांचा राग आला.

निपाणीकर

मामा, लॉटची गोष्ट चोख. खरं प्लेऑफचं दुखणं वेगळं धरायला नको का? 2014 पासून हा संघ प्लेऑफमध्ये सलग दहा सामने हरलाय. 2014 ला कॅन्सस सिटीनंच 4-0, 2016 ला टोरोंटोसमोर एक, मग टेक्सासचे तीन, मग हे दोन. याचा काही अर्थ असेल की.

खानापूरची पीटी बाई

नाही दादा. 2014 च्या आणि 2024 च्या संघात सामाईक कोण? मॅनेजर वेगळा, मालक वेगळा, खेळाडू सगळे वेगळे. ते दहा सामने चार निरनिराळ्या संघांनी हरलेत. ते एकत्र जोडून बसलं की घाबरून निर्णय होतात.

बाल्टिमोरचा भाचा

मामा, मला सांगायचं तरी, इथं वाद टाकलायस ते! आईनं लिंक पाठवली.

बर्न्सबद्दल मी अजून माझ्या जागी आहे. कोपर जाणार हे डिसेंबर 2024 मध्ये कुणाला दिसत होतं? निर्णय घेताना जे हातात होतं त्यावरून बघायचं, आणि हातात होतं ते 194 इनिंग, ईआरए 2.92. तू नंतरची शस्त्रक्रिया पुढं करतोस, हा न्याय नाही. तू स्वतःच म्हणतोस ना, घाईनं ठरवू नका?

आता पुढचं. 2025 नंतरच्या हिवाळ्यात इलायसनं उलटं टोक गाठलंय. फलंदाज पीट अलॉन्सो, पाच वर्षांचे 15.5 कोटी. शेवटच्या इनिंगसाठी रायन हेल्सली. टँपाकडून पिचर शेन बाझ आणला, त्यासाठी दिलेल्या पोरांत केडन बोडाइन आहे. त्याला निपाणीकरांनी सांगितलेल्या त्या 30 व्या क्रमांकावर घेतला होता. म्हणजे बर्न्स-सँटँडर गेले त्यातून शेवटी एक पिचर आलाच. एवढं चांगलं.

पण ग्रेसन रॉड्रिगेझला एंजल्स संघाला देऊन फलंदाज टेलर वॉर्ड घेतला, हे मला रुचलं नाही. वॉर्डनं 2025 ला 36 होम रन मारलेत, मान्य, पण एका वर्षात तो मोकळा होणार. रॉड्रिगेझ अजून चार वर्षं हातात होता. 2025 मध्ये तो एकही सामना टाकू शकला नाही म्हणून दिला. इथं कॅम्डन यार्ड्सला, ओरिओल्सच्या मैदानावर, माझ्या शेजारी बसणारे आजोबा म्हणतात, पिचर तीन वर्षं धरून ठेवायचा, मग बोलायचं.

उद्यमबागचा मामा

बरं केलंस आलास ते. बर्न्सचं तुझं म्हणणं मी मान्य करतो, शस्त्रक्रिया बाजूला ठेवू. तरीही निपाणीकरांचा हिशेब उरतो: सहा वर्षं नको होती तर त्याच्या तोडीचा दुसरा कोण आणला?

रॉड्रिगेझचा सौदा मला तुझ्याइतका वाईट वाटत नाही. बाईंना विचारायचंय, पाठीचा तो स्नायू दोनदा दुखावलेला पिचर पूर्ण वेगानं परत येतो का? तुमच्या अनुभवात काय? आणि टिळकवाडीकर, बाझ किती टिकेल असं वाटतं? त्याचीही टॉमी जॉन झालेली आहे.

मी सेकंड शिफ्टला निघतोय, दहा वाजता येऊन वाचतो.