मदत हवी आहे: साताऱ्याच्या जुन्या घरात आईसाठी स्मार्ट बल्ब, कोणते चालतील?

शेवंती

नमस्कार मंडळी,

आई साताऱ्याला एकटी असते, वय ७६. मी पुण्यात, दादा न्यू जर्सीत. गेल्या महिन्यात रात्री दोनच्या सुमारास ती बाथरूमला जायला उठली आणि माजघरातल्या बटणापर्यंत पोचायच्या आधीच उंबऱ्याला अडखळून पडली. हाड मोडलं नाही, पण मनगट चांगलंच सुजलं. तिने आम्हाला चार दिवस काही सांगितलंच नाही, शेजारच्या काकूंकडून कळलं. तेव्हापासून रात्री जाग आली की मला आधी तो उंबराच आठवतो.

घर जुनं आहे, दगडी भिंती दीड-दीड फुटांच्या. पलंगापासून बाथरूमपर्यंत जायचं म्हणजे तिची खोली, मग माजघर, मग एक छोटा बोळ. माजघराचा बोर्ड नेमका दाराच्या मागे, म्हणजे अंधारात दार ओढून हात घालावा लागतो. होल्डर सगळे पिनचे, फक्त पुढच्या खोलीतल्या झुंबराला आट्यांचे. राउटर पुढच्या खोलीत आहे, माजघरात रेंज एक-दोन काड्या येते. घरात इन्व्हर्टर आहे, पावसाळ्यात लाइट जाते-येते.

दादाने येताना चार स्मार्ट बल्ब आणलेत. डब्यावर ई२६, १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि झिगबी असं लिहिलंय. आटे-टू-पिन कन्व्हर्टर इथे मिळतो, तो लावून हे बल्ब चालतील का? नसतील चालत तर कोणते घेऊ? पुण्याहून मोबाइलवरून लावता-बंद करता यावेत आणि रात्री आपोआप मंद लागावेत, एवढंच हवंय. आणि हब घ्यावाच लागतो का?

अजून एक. बोळातला साधा एलईडी बटण बंद केलं तरी रात्रभर बारीक मिणमिणतो. तो खराब झालाय असं धरून आधी तोच बदलायचा विचार आहे.

कंदील

शेवंतीताई, आधी एक काम करा. दादाचे ते बल्ब कुठल्याही होल्डरला लावू नका. झुंबरालाही नाही.

अमेरिकेतला ई२६ आणि आपल्याकडचा ई२७ ही आट्यांच्या टोपीची मापं, त्यांच्यात व्यासाचा फरक जेमतेम एका मिलिमीटरचा. त्यामुळे तो बल्ब आपल्या झुंबरात व्यवस्थित फिरून बसतो आणि इथेच माणूस फसतो. बसला म्हणजे चालेल असं वाटतं. पण आपल्या घरात २३० व्होल्ट येतात, बल्ब बनलाय १२० साठी. कन्व्हर्टर फक्त टोपीचा आकार बदलतो, व्होल्टेज जसंच्या तसं आत जातं. माझ्या भावाने हा प्रयोग केला होता. एक फट्ट आवाज, जळका वास आणि बल्बच्या बुडाला काळा डाग. आग लागली नाही हे नशीब.

बल्बच्या गळ्याशी बारीक अक्षरात १००-२४० व्होल्ट छापलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्यावर १२० च आहे, तेव्हा ते परत पाठवा.

इथे घेताना पिनसाठी बी२२ आणि झुंबरासाठी ई२७ बघून घ्या. खोक्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो नसेल तर स्वस्तात मिळाला तरी सोडून द्या.

घाटवाट

हबबद्दल सांगतो. बाजारात मुख्यतः दोन जाती. वायफायचे बल्ब थेट तुमच्या राउटरला जोडले जातात, हब लागत नाही. विझ, टापो, विप्रो यांचे बहुतेक बल्ब असे आहेत. झिगबी ही वायफायसारखीच बिनतारी जोडणीची दुसरी पद्धत. त्या बल्बना पूर्ण सोयी हव्या असतील तर मध्ये हब, म्हणजे बल्ब आणि राउटर यांना जोडणारी डबी, लागतो. फिलिप्स ह्यू त्यातला. झिगबीत एक बल्ब पुढच्या बल्बला सिग्नल पोचवतो, म्हणून वीस-पंचवीस बल्बांच्या मोठ्या घरात ते फार चांगलं चालतं. तीन-चार बल्बांसाठी हबचा खर्च करू नका. खोक्यावर मॅटरची खूण असेल तर उत्तम, कारण २०२२ पासून आलेल्या, अनेक कंपन्यांच्या या सामायिक मानकामुळे एकाच कंपनीच्या अ‍ॅपला बांधून राहावं लागत नाही.

तुमची अडचण जोडणीच्या वेळी येईल. हे बल्ब बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात. हल्लीचे राउटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने देतात, मोबाइल ५ वर असतो आणि बल्ब सापडतच नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्या. ते जमत नसेल तर मोबाइल घेऊन राउटरपासून लांब जा, माजघराच्या भिंतीपलीकडे तो आपसूक २.४ वर येईल, तिथून जोडा. दगडी भिंतीतून ५ पेक्षा २.४ बरं जातं, तेवढा एक फायदा. तरी एक-दोन काड्या कमीच. राउटर माजघराच्या दाराजवळ हलवता आला तर बघा, आणि तो इन्व्हर्टरवर घ्या. नाहीतर लाइट गेली की बल्बला करंट आहे पण पुण्याहून हुकूम पोचत नाही, असं होईल.

अ‍ॅपमध्ये वीज परत आल्यावर बल्बने काय करायचं याची सेटिंग असते. ती बदलायला विसरू नका. मूळ सेटिंगवर पहाटे तीनला लाइट आली की बरेच बल्ब पूर्ण उजेडाने लागतात आणि म्हातारं माणूस दचकून उठतं.

शेवंती

कंदीलदादा, आत्ताच दादाला फोन केला, बल्ब डब्यात परत ठेवले. मी उद्या झुंबराला लावूनच बघणार होते. मनापासून आभार.

घाटवाट, वायफायवालेच घेते मग. पण एक शंका आहे. आई झोपण्याआधी घरभर फिरून एकेक बटण बंद करते. पन्नास वर्षांची सवय आहे, वीजबिल वाचवायची. बटण बंद असलं तर स्मार्ट बल्ब चालेल का?

तिसरी_पायरी

नाही चालणार. आणि तुमच्या आईसाठी खरा प्रश्न हाच आहे.

आमच्या सासूबाईंच्या खोलीत आम्ही हौसेने स्मार्ट बल्ब लावला. बटणावर चिकटपट्टी लावली, कागद लावला. तिसऱ्या दिवशी चिकटपट्टी निघालेली, बटण बंद, बल्ब मुका. त्यांची चूक नव्हती. ज्या हाताने आयुष्यभर दिवे मालवले त्या हाताला आम्ही उगाच अडवत होतो. बटण चालू ठेवलं तर बल्ब नुसता बसून अर्धा वॅट किंवा त्याहून कमी खातो, म्हणजे महिन्याला एक युनिटसुद्धा नाही, हे समजावून झालं. पटलं, पण हात थांबला नाही.

ताई, रात्रीच्या वाटेसाठी स्मार्ट बल्ब नकोच. चाहूल लागली की लागणारे छोटे सेन्सर दिवे घ्या, चार्जिंगचे, चुंबकाने चिकटणारे. बटण नाही, वायफाय नाही, लाइट गेली तरी चालतात. शरीराची उष्णता ओळखून लागणारे पीआयआरवाले घ्या. रडारवाले पडद्याआडची, पातळ दाराआडची हालचालही पकडतात आणि उगाच लागत राहतात. रंग पिवळसर, ३००० केल्विनच्या आसपास. आणि लावायचे घोट्याच्या उंचीवर, म्हणजे उजेड जमिनीवर पडतो, डोळ्यांवर येत नाही. एक पलंगाखाली, एक उंबऱ्याशी, एक बोळात.

पुढच्या खोलीत स्मार्ट बल्ब जरूर लावा. तिथे विझचा लावलात तर त्यात एक सोय आहे: बटण एकदा लावलं की एक प्रकारचा उजेड, पटकन बंद-चालू केलं की दुसरा, आणि तो कसा असावा हे आपण ठरवायचं. मोबाइल न वापरणाऱ्या माणसाला हे जमतं.

ठिणगी

सगळ्यांनी बल्बबद्दल लिहिलं, मी त्या मिणमिणणाऱ्या बल्बबद्दल लिहितो, कारण ते वाचून काळजी वाटली. मी वीस वर्षं वायरिंगचीच कामं करतो.

त्या बटणात बारीक लाल दिवा असेल तर एलईडी असा मिणमिणू शकतो, घाबरायचं काही नाही. पण साधं बटण असेल तर बऱ्याचदा कारण असं असतं की बटणाने फेजऐवजी (करंट आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रल (परतीची तार) तोडला जातोय. जुन्या घरांत, अनेक हातांनी दुरुस्त्या झालेल्या बोर्डात मी हे कितीदा बघितलंय. बल्ब बंद दिसतो, पण होल्डरमध्ये करंट उभा असतो. बल्ब बदलायला गेलेल्या माणसाने बटण बंद आहे म्हणून पिनेला बोट लावलं तर शॉक बसेल.

आईंना आजच सांगा की त्या बल्बला हात लावायचा नाही. तुम्हीही बदलू नका. चांगला वायरमन बोलवा, टेस्टर लावून बघू दे. पाच मिनिटांचं काम आहे.

तो आलाच आहे तर माजघराचा बोर्डही उघडून घ्या. पुढेमागे साधा बल्ब ठेवून बटणामागे स्मार्ट मॉड्यूल बसवता येतं, म्हणजे आईंनी बटण दाबलं तरी चालतं आणि तुम्ही पुण्याहून दाबलं तरी चालतं. त्याला बहुधा न्यूट्रल लागतो. ज्या बोर्डात प्लग पॉइंट आहे तिथे न्यूट्रल असतोच. बोर्डात खोली किती आहे तेही बघू दे, जुन्या पेटीत मॉड्यूल मावत नाही.

शेवंती

रविवारी जाऊन आले, म्हणून उशीर झाला.

ठिणगीदादा, तुमचं अगदी खरं निघालं. बटण साधं होतं. वायरमनने बल्ब काढला, बटण बंद ठेवून होल्डरमध्ये टेस्टर लावला आणि टेस्टरचा दिवा लखकन पेटला. आई माझ्या शेजारीच उभी होती. दिवाळीत जाळी साफ करताना तिने स्टुलावर चढून हाच बल्ब काढून पुसला होता, असं ती तेव्हा म्हणाली. माझ्या पायातलं बळ गेलं. त्याने बोर्डात वायरी बदलून दिल्या, आता तो बल्ब बंद केला की पूर्ण विझतो. बाकीचे सगळे पॉइंट तपासून घेतले, ते ठीक आहेत. माजघराच्या पेटीत मॉड्यूलला जागा नाही, तो विचार सोडला. त्याऐवजी बोर्ड दारामागून अलीकडे घ्यायचा ठरवलाय, वायरमन पुढच्या आठवड्यात येणार आहे.

तिसरी_पायरीताई, तीन सेन्सर दिवे लावले. पलंगाखालचा आधी चुकला. आईने कूस बदलून हात खाली सोडला तरी तो लागायचा आणि तिची झोप मोडायची. मग तो पायथ्याच्या पायाला, भिंतीकडे तोंड करून लावला. आता पाय जमिनीवर टेकले की लागतो.

पुढच्या खोलीत विझचा बी२२ बल्ब लावलाय, राउटर माजघराच्या दाराशी आणून इन्व्हर्टरवर घेतला. घाटवाट म्हणाले तसं दोन नावं वेगळी केल्यावर पहिल्या झटक्यात जोडला गेला. वीज आल्यावर पूर्वीच्याच स्थितीत राहायची सेटिंग करून ठेवली.

काल सकाळी आईचा फोन आला. रात्री दोनदा उठले होते, म्हणाली, उंबरा दिसला.

सेन्सर दिव्यांचं चार्जिंग किती दिवस पुरतं, कोणाला अनुभव असेल तर सांगा. ते संपायच्या आत काकूंना चार्ज करायला सांगून ठेवायचंय.