इन्स्टाचं प्रायव्हेट अकाउंट बघता येईल असं चालणारं ॲप सांगा (अर्जंट)

त्रस्त_दादा:
नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येतो. एक इन्स्टा अकाउंट आहे, प्रायव्हेट करून ठेवलेलं. आत काय आहे ते बघायचंय, समोरच्याला न कळता. गूगलवर 'प्रायव्हेट प्रोफाइल व्ह्यूअर' म्हणून ढीगभर साईट येतात, एकही धड चालत नाही. कोणी स्वतः वापरलेलं, खात्रीचं काही असेल तर लिंक द्या. पैसे भरावे लागले तरी चालेल. रविवारच्या आत हवंय. कृपया उपदेश नको, त्यासाठी घरी माणसं आहेत.

बिटबाइट:
कोणाचं अकाउंट? तुमचं त्यांच्याशी नातं काय? रविवारी काय आहे?

मुग्धा_क:
रविवार म्हणजे कांदेपोहे. पैज.

त्रस्त_दादा:
हो, बहिणीसाठी स्थळ आलंय. मुलगा हिंजवडीत, मूळ गाव सांगलीकडे. पत्रिका जुळते, पगार ठीक, फोटो ठीक. पण अकाउंट प्रायव्हेट. लपवण्यासारखं काही नसेल तर प्रायव्हेट कशाला? बाहेरून फक्त डीपी दिसतो (पाठमोरा, कुठल्यातरी गडावर), बायोमध्ये 'चहा. ट्रेक. इति.' एवढंच. फॉलोअर्स ९० आणि पोस्ट ४१२! नव्वद लोकांना दाखवायला ४१२ पोस्ट कसल्या टाकतो हा माणूस? आता ॲप सांगा.

बिटबाइट:
असं ॲप नाही. 'चांगलं नाही' असं म्हणत नाहीये, अस्तित्वातच नाही. अकाउंट प्रायव्हेट असलं की ज्याची रिक्वेस्ट मान्य झालेली नाही त्याच्याकडे इन्स्टाचा सर्व्हर त्या पोस्ट पाठवतच नाही. तुमच्या मोबाईलवर जे आलेलंच नाही ते कुठलं ॲप कसं उघडून दाखवणार? या साईटची पद्धत ठरलेली आहे. युजरनेम टाका, मग एक पट्टी सरकत सरकत ९८ टक्क्यांवर अडकते, मग 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा', मग सर्व्हे भरा किंवा आमचं ॲप टाका किंवा तुमचं इन्स्टा लॉगिन द्या. समोरच्याचं काही दिसत नाही, तुमचं मात्र सगळं जातं.
तुम्ही 'एकही धड चालत नाही' म्हणालात. म्हणजे नक्की काय काय करून पाहिलंत?

ठाणेकर_काका:
आमच्या वेळी हे नव्हतं. मुलाच्या गावी जायचं, एसटी स्टँडवर चहा प्यायचा, वाण्याकडे सहज चौकशी करायची. उधारी किती, बाटली घेतो का, आईशी कसा बोलतो. अर्ध्या तासात माणूस कळायचा. त्याला कोणी प्रायव्हसीचा भंग म्हटलं नाही. दादांनी चौकशी केली तर काय चुकलं?

मुग्धा_क:
काका, वाण्याने जे चारचौघांत पाहिलं ते तो सांगायचा. तुम्ही रात्री त्या मुलाच्या खोलीत शिरून त्याची वही वाचत नव्हता ना? अकाउंट प्रायव्हेट करणं म्हणजे 'हे मी निवडलेल्या नव्वद जणांसाठी आहे' एवढंच. माझंही प्रायव्हेट आहे. आत भाचीचे फोटो आणि फसलेले केक आहेत.

ठाणेकर_काका:
फसलेले केक लपवण्यासारखेच असतात. हलकं घ्या.

धुमकेतू९:
एवढी चर्चा कशाला? मुलीच्या नावाने एक अकाउंट काढा, नेटवरून चार फोटो टाका, रिक्वेस्ट पाठवा. दोन तासांत मान्य. मित्राच्या चुलतभावाच्या वेळी हेच केलं होतं आम्ही. मान्य केली तर त्यातूनच कळतं पोरगा कसा आहे!

कज्जेदलाल:
धुमकेतू, ज्या मुलीचे फोटो उचलायचे तिला विचारलंत का? आयटी कायद्याचं कलम ६६डी वाचा: संगणक वापरून तोतयेगिरी करून फसवणूक, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. दुसऱ्याचा पासवर्ड वापरलात तर ६६सी, शिक्षा तेवढीच. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे, पाळत ठेवण्याचं. जुन्या दंडसंहितेत ते ३५४डी होतं. आणि २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे.

अर्धवट_वकील:
७८ इथे लागत नाही हो. ते पुरुषाने स्त्रीवर पाळत ठेवल्याबद्दल आहे, तिचा इंटरनेटचा वापर न्याहाळणंही त्यात येतं. इथे बघायचंय मुलाचं अकाउंट. आणि पुट्टस्वामी मुळात सरकारविरुद्धचा खटला. डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आणाल तर तोही घरगुती, व्यक्तिगत कामासाठी वापरलेल्या माहितीला लागू होत नाही. दादांना घाबरवायचं तर नीट घाबरवा.

कज्जेदलाल:
७८ चं मान्य. पण उद्या मुलाकडच्यांनी दादांच्या बहिणीचं अकाउंट असंच रोज चाळायला घेतलं तर ते लागू शकतं. दादांनी तेवढाच विचार करून पाहावा. पुट्टस्वामीबद्दल वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

गिरिभ्रमण:
धागाकर्ते, डीपीत मागे कड्याला आरपार भोक दिसतंय का? तसं असेल तर ते राजगडच्या सुवेळा माचीचं नेढं आहे.

सह्याद्रीचा_बोका:
नेढं दिसलं की राजगड! रतनगडालाही आहे ना भाऊ. त्यात पंधरावीस माणसं आरामात बसतात, वारा असा की टोपी गेली तर थेट भंडारदऱ्यात.

गिरिभ्रमण:
रतनगडाचं माहीत आहे. पण पुण्याकडचा मुलगा आधी राजगडलाच जाणार ना.

कोथरूडची_काकू:
विषय गडावर गेला. असो. दादा, मी गेली कित्येक वर्षं ओळखीपाळखीत स्थळं जुळवते. सांगते ते ऐका. पाव्हणे हॉलमध्ये बसलेत म्हणून आपण त्यांच्या पिशव्या उघडून बघतो का? जे बघायला हवं ते कोणी बघतच नाही. फॉर्म १६ मागा, खरा पगार त्यात असतो. फ्लॅट 'स्वतःचा' म्हणाले तर कर्ज किती बाकी ते विचारा. आधी लग्न मोडलं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा बघा, तोंडी शब्दावर जाऊ नका. हल्ली दोघांनी रक्ततपासणी करायचीही पद्धत पडते आहे, चांगली आहे. हे सगळं समोरासमोर मागता येतं आणि समजूतदार माणसं देतात. आणि बहीण काय म्हणते ते तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही.

धुमकेतू९:
काकू, समोरासमोर मागून कोणी खरं देतं का? डिटेक्टिव्ह लावा सरळ.

अर्धवट_वकील:
लावा. पण हे लक्षात ठेवा की खासगी गुप्तहेर संस्थांवर नियंत्रण आणणारं विधेयक २००७ साली राज्यसभेत आलं आणि त्याचा कायदा काही झाला नाही. म्हणजे तो माणूस माहिती कुठून आणतो, कोणाला विकतो, यावर वेगळा असा अंकुश नाही. उद्या तुमच्याच घराची फाईल त्याच्या कपाटात.

बिटबाइट:
दादा, मी दुसऱ्यांदा विचारतो. त्या साईटवर तुम्ही काय काय भरलंत?

त्रस्त_दादा:
अहो ते महत्त्वाचं नाही. एका ठिकाणी माझं इन्स्टा लॉगिन मागितलं, ते दिलं. पट्टी ९८ टक्क्यांवर अडकली, बरोबर. मग एक एपीके (प्ले स्टोअरबाहेरून टाकायची ॲपची फाईल) डाउनलोड करायला सांगितली, ती टाकली. तिने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, दिली. तरी काही दिसलं नाही. म्हणून तर इथे आलोय.

बिटबाइट:
हेच महत्त्वाचं आहे, बाकी सगळं रविवारनंतर बघू. आत्ता उठा आणि या क्रमाने करा. आधी मोबाईलचं नेट बंद करून ती एपीके काढून टाका. निघत नसेल तर सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन'ची परवानगी घेतली आहे का बघा, ती आधी काढा, मग निघेल. पासवर्ड बदलायचा तो या मोबाईलवरून नाही, घरातल्या दुसऱ्या मोबाईलवरून किंवा संगणकावरून. इन्स्टाच्या अकाउंट्स सेंटरमध्ये पासवर्ड आणि सिक्युरिटी म्हणून भाग आहे, तिथे कुठकुठल्या उपकरणांवर लॉगिन आहे त्याची यादी दिसते. ओळखीचं नसेल ते सगळं लॉगआउट करा. मग टू-फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) चालू करा, एसएमएसचं नको, ऑथेंटिकेटर ॲपचं. तोच पासवर्ड ईमेलला वापरलाय का? असेल तर तोही बदला, आणि ईमेलचा आधी.
एसएमएस वाचायची परवानगी दिलीत म्हणजे बँकेचे ओटीपीही त्याने वाचले असू शकतात. खात्याचं स्टेटमेंट उघडा. एक रुपया जरी अनोळखी गेला असेल तर बँकेला कळवा आणि लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

मुग्धा_क:
आणि फ्रेंडलिस्टमधल्या लोकांना सांगून ठेवा. असं अकाउंट हातात आलं की 'अर्जंट वीस हजार पाठव, संध्याकाळी देतो' असे मेसेज सुरू होतात.

नववीची_आई:
जरा वेगळं विचारते. माझी मुलगी चौदाची आहे, तिचंही अकाउंट प्रायव्हेट आहे आणि मला फॉलो करू देत नाही. आई म्हणून मला बघायचा हक्क नाही का? तिचा मोबाईल रात्री घेऊन बघावा असं वाटतं.

बिटबाइट:
ताई, इन्स्टाने टीन अकाउंट काढलीत, भारतात २०२५ च्या फेब्रुवारीपासून. सोळाच्या आतल्यांचं अकाउंट आपोआप प्रायव्हेट असतं, ते बदलायला पालकांची परवानगी लागते. मुलीने मान्य केलं तर देखरेखीची सोय जोडता येते. मागच्या सात दिवसांत ती कोणाकोणाशी बोलली ते दिसतं, काय बोलली ते दिसत नाही. चौदाच्या वयाला एवढं पुरे, असं माझं मत.

ठाणेकर_काका:
चौदाच्या मुलीला आईपासून कसली प्रायव्हसी?

नववीची_आई:
काका, तुम्ही तुमच्या आईला सगळं सांगत होतात का चौदाव्या वर्षी?

ठाणेकर_काका:
आमची आई विचारत नव्हती, तिला वाण्याकडून कळायचं.

त्रस्त_दादा:
एपीके काढली. यादीत माझ्याशिवाय दोन लॉगिन होती, एक तर कुठल्या देशातलं तेही कळेना. लॉगआउट केली, पासवर्ड बदलला. बँकेचं ठीक दिसतंय. आता मूळ प्रश्नावर या.

कोथरूडची_काकू:
मूळ प्रश्न मी विचारला होता. बहीण काय म्हणते?

त्रस्त_दादा:
विचारलं तिला. ती त्याला महिन्यापासून फॉलो करतेय! बायोडाटा आला त्याच आठवड्यात तिने स्वतःच्या नावाने रिक्वेस्ट पाठवली, त्याने मान्य केली, त्यानेही तिला पाठवली. रोज बोलतात म्हणे. मी म्हटलं दाखव जरा. तर म्हणते, 'दादा, मी बघितलंय. लग्न मला करायचंय. त्याने मला आत घेतलंय, तुला नाही.' आणि ज्यांना झोप येत नसेल त्यांच्यासाठी: रतनगड आहे.

सह्याद्रीचा_बोका:
ज्जे बात!

गिरिभ्रमण:
ठीक आहे. पण राजगडचा फोटोही आत असणारच.

धुमकेतू९:
मग सोपं झालं. ती झोपली की तिच्या मोबाईलवरून बघून घ्या. बोट लावलं की उघडतो.

मुग्धा_क:
धुमकेतू, तुम्हाला बहीण नाही आणि असली तर तिला माझा निरोप द्या.

अर्धवट_वकील:
हे मात्र खरोखर नका करू. यात दोन माणसांचा विश्वास जातो, आणि तुमच्या घरातलं माणूस त्यात आधी.

त्रस्त_दादा:
करत नाहीये. पण मला हे सांगा, मोठा भाऊ म्हणून मला काहीच बघायचं नाही का? तिला आंधळं प्रेम झालं असेल तर? ४१२ पोस्ट आहेत, सगळ्या काही तिने बघितल्या नसतील.

कोथरूडची_काकू:
बघा ना, कोण नको म्हणतंय. रविवारी तो तुमच्या घरी दोन तास बसणार आहे. पोहे देताना आईशी कसा बोलतो बघा, पाणी आणून देणाऱ्या मावशींकडे मान वर करून बघतो का ते बघा. नंतर दोघे चहाला बाहेर जा, बायकामाणसं नकोत. कर्ज, नोकरी बदलायचा विचार, आईवडील कोणाकडे राहणार, हे तुम्ही विचारा. मोठ्या भावाने विचारलेलं चालतं, बहिणीला अवघड जातं. आणि वाटलंच तर तुमच्या खऱ्या नावाने रिक्वेस्ट पाठवा. मान्य नाही केली तर राग धरू नका. होणाऱ्या मेव्हण्याला कोणी लगेच आत घेत नाही.

त्रस्त_दादा:
रिक्वेस्ट पाठवली तर त्याला वाटेल मी पाळत ठेवतोय.

मुग्धा_क:
:)

पाटील_साताऱ्याचे:
उशिरा आलो. सगळं वाचलं नाही. व्हॉट्सॲपचं लास्ट सीन फक्त एकाच माणसापासून लपवायचं असेल तर प्रायव्हसीमध्ये जाऊन 'माय काँटॅक्ट्स एक्सेप्ट' निवडा. पण मग त्या माणसाचं लास्ट सीन तुम्हालाही दिसत नाही.

बिटबाइट:
पाटील, हे कोणी विचारलं होतं?

पाटील_साताऱ्याचे:
कोणी नाही. पण उपयोगी आहे.

नववीची_आई:
मला उपयोगी आहे. धन्यवाद पाटीलसाहेब. बिटबाइट, ती देखरेखीची सोय मुलीने नंतर बंद केली तर मला कळतं का?

बिटबाइट:
कळतं, तुम्हाला सूचना येते. पण चालू करण्याआधी तिच्याशी बोला, नाहीतर ती दुसरं अकाउंट काढेल, वय वाढवून.
दादा, तुमच्यासाठी शेवटचं: त्या साईटवर मोबाईल नंबर दिला असेल तर आता काही दिवस 'तुमचं प्रोफाइल अनलॉक झालं, क्लिक करा' असे मेसेज येतील. क्लिक करू नका.

त्रस्त_दादा:
आलाय एक. आत्ताच. लिंकवर त्या मुलाचं युजरनेमही आहे. नाही उघडत, पण खरंच काही नसतं ना त्यात?

बिटबाइट:
नसतं. डिलीट करा. नंबर ब्लॉक करा.